लाल बुडाची पुंगळी

नदीन शनिवारी जेवणवेळ टळल्यावर आली. तिची पिकअप दोन वळणं आधीच ओळखू येते, कारण तिचा सायलेन्सर तीन वर्षांपासून तारेनं बांधलेला आहे. उद्या नीट करतो, असं व्हर्न म्हणायचा. आता व्हर्न नाही आणि तार तेवढी आहे.

व्हर्न माझा धाकटा भाऊ, नदीन त्याची बायको, शेल्बी त्यांची पोरगी. गेल्या ऑक्टोबरात डोंगरात अस्वलानं त्याला मारलं, आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर मी होतो. एवढं आमच्या खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे.

ती उतरली. मागच्या सीटवरून व्हर्नची रायफल काढली, कॉफीचा एक पत्र्याचा डबा काढला आणि मला 'कसा आहेस' असंही न विचारता गॅरेजात शिरली. अकरा महिन्यांत त्या गॅरेजात मी बल्ब लावला नव्हता. काडतुसं भरायचा माझा प्रेस बाकावर गोणपाटाखाली झाकलेला होता. तिनं गोणपाट ओढून खाली टाकला आणि डबा प्रेसशेजारी ठेवला.

"शेल्बीला काडतुसं भरून दे," ती म्हणाली. "हंगाम तीन आठवड्यांवर आलाय."

"शेल्बीकडे तिची रायफल आहे की."

"तिला बापाची हवीय."

"मग दुकानातली आण. ढीग मिळतात."

"दुकानातलं काडतूस म्हणजे तयार कोट, होतो सगळ्यांना आणि बसत कुणालाच नाही. असं कोण म्हणायचं रे? चाळीस वर्षं डोकं खाल्लंस आमचं."

"मी सोडलंय ते. डोळे गेले माझे."

"हो का? परवा चर्चच्या दारातून तुला रस्त्यापलीकडच्या गाडीवरचा ओरखडा दिसला. आणि त्यावरून त्या पोराला दहा मिनिटं झापलंस."

बाईच्या जिभेला हाड नाही. लग्न होऊन आली तेव्हाही नव्हतं. मी विचारलं, पोरगी शिकारीला जाणार कुठं?

"जिथं व्हर्न मेला त्याच घळीत. एकटी." नदीन रायफलीच्या दस्त्यावरून हात फिरवत होती. "कॅफेत कुणीतरी तिच्यासमोर म्हणालं, व्हर्न बिचारा घाबरला, ऐन वेळी हात थरथरले, नाहीतर दुसरी गोळी बसती. तेव्हापासून तिनं हट्टच धरलाय. म्हणते, आम्हा स्टेन्सरुडांचे हात थरथरत नाहीत, मी दाखवते त्यांना."

"तू अडव ना तिला!"

"मी? एकोणीस वर्षांची आहे ती. माझं ऐकणार नाही ती." नदीननं माझ्याकडे पाहिलं. "दुसऱ्या कुणाचं ऐकेल कदाचित."

ती गेली, आणि तारेचा तो खडखडाट दोन वळणांपर्यंत ऐकू येत राहिला.

आता जरा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गोळी सुटते तेव्हा पितळेची पुंगळी फुगते आणि ज्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, ती असेल त्याचं माप अंगावर घेते, अगदी ओरखड्यासकट. ती पुन्हा भरायची तर डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, घालून दाबावी लागते, म्हणजे तिचा खांदा, गळ्याखालचा उतार, थोडा मागं सरतो आणि ती चेंबरात पुन्हा सहज जाते. किती मागं सारायचा, यातच सगळी करामत आहे. कमी सारला तर बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारी खीळ, लागत नाही, तिचा दांडा खाली बसत नाही. जास्त सारला तर नेम बिघडतो आणि पुंगळी लवकर फाटते. त्यात हे पितळ लबाड. अर्धवट दाबलंत तर अंग चेपतं आणि खांदा मागं जायच्या ऐवजी पुढंच येतो, म्हणजे पुंगळी होती त्याहून लांब होऊन बाहेर पडते.

आमच्या बापानं एका ख्रिसमसला आम्हा दोघांना एकाच बनावटीच्या दोन रायफली आणल्या. नंबरसुद्धा लागोपाठचे होते. दिसायला जुळ्या, पण व्हर्नचं चेंबर आखूड होतं आणि माझं केसभर लांब. त्याचं काडतूस माझ्या रायफलीत सैल जायचं, माझं त्याच्या रायफलीत अडायचं. दोघांचीही काडतुसं मीच भरायचो, एकाच डायवर. डाय पूर्ण खाली फिरवली की त्याचं माप आणि पाव वळसा वर घेतली की माझं. त्यासाठी डायवर मी रंगाच्या दोन रेघा मारल्या होत्या, पांढरी त्याची आणि लाल माझी. माझ्या पुंगळ्यांच्या बुडालाही लाल ठिपका लावायचो, म्हणजे गल्लत नको. व्हर्न समोर पालथ्या बादलीवर बसून पुंगळ्या पुसायचा आणि मला डिवचायचा. "ऑर्वल, तुझी रायफल तुझ्यासारखीच आहे. सगळ्यांपेक्षा पाव वळसा वर."

बापाचा एक नियम होता. हंगामाआधी प्रत्येक काडतूस स्वतःच्या रायफलीत एकदा घालून बघायचं. जे तुझ्या बोल्टखालून गेलं नाही, ते तुझं नाही. व्हर्न हा नियम स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पाळायचा आणि नदीन ओरडायची, की इथं पाव कापायचाय मला, उचल तुझा पसारा.

त्या दिवशी आम्ही एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला पहाटे निघालो आणि चाळीस मैल गेल्यावर व्हर्ननं खिसे चाचपले. त्याचा काडतुसांचा डबा घरी राहिला होता.

"मागं फिरू," तो म्हणाला.

"मागं फिरून येईपर्यंत एल्क कॅनडात पोचेल. घे माझी."

मी त्याला पाच काडतुसं दिली. लाल बुडाची. गाडी चालवत होतो, एक हात स्टिअरिंगवर होता, आणि मला माहीत होतं. विसरलो होतो असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं की ती त्याच्या चेंबरला लांब पडतात. पण मनात म्हटलं, केसभराचा तर फरक आहे, जोर लावला की जाईल, एक-दोन गोळ्यांचा तर प्रश्न. एल्क हुकेल या काळजीनं मी तसं ठरवून टाकलं.

गाडी थांबवल्यावर त्यानं एक घालून पाहिलं. दात-ओठ आवळून बोल्टचा दांडा खाली नेला.

"घट्ट जातंय रे."

"दाब की जरा. म्हातारी बाई झालास का?"

तो हसला आणि बाकीची चार त्यानं खाली मॅगझिनच्या पेटीत भरली. ती घालून पाहिली नाहीत. मी डिवचलं होतं ना, म्हणून पाहिली नाहीत.

दुपारी आम्हाला एल्क मिळाला, माझ्या गोळीनं. व्हर्न तो सोलायला बसला आणि मी ट्रेलरमधून आणून खाली बांधलेले घोडे घ्यायला गेलो. तीनएकशे पावलांवर असेन, तेव्हा वर एक बार झाला. मी थांबलो आणि दुसऱ्याची वाट पाहिली. माणूस पहिल्यानंतर दुसऱ्याची वाट पाहतोच. दुसरा आला नाही. मग जे ऐकू आलं ते मी सांगणार नाही.

मी वर पोचलो तेव्हा अस्वल गेलं होतं. रायफल त्याच्याजवळ पडली होती, बोल्ट पुढं सरकलेला, दांडा मात्र अर्ध्यावर उभा. दुसरं काडतूस चेंबरात अडकलेलं. त्याच्या उजव्या तळहातावर आडवा वळ होता, काळानिळा, बोटाएवढा रुंद, दांड्याच्या मापाचा. नखांचा नव्हता तो. मी तो पाहिला आणि त्याची मूठ मी मिटवली.

वनखात्याचा तरुण अधिकारी आला. त्यानं विचारलं, काडतुसं कुणाची? मी म्हटलं, मीच भरलेली. ते खोटं नव्हतं. व्हर्नचीही मीच भरायचो, हे त्याला कुणीही सांगितलं असतं. त्यानं वहीत लिहिलं की घाईगडबडीत बोल्ट नीट लागला नाही, आणि तिथून 'व्हर्न घाबरला' ही गोष्ट सुरू झाली. अकरा महिने मी ती कॅफेत बसून ऐकली. लोक माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायचे आणि मी मान हलवायचो. माझ्यासारख्या तोंडाळ माणसानं, जो पोरांना गाडीच्या ओरखड्यावरून झापतो, त्यानं मान हलवली. लाज वाटते का विचाराल तर लाज हा फार लहान शब्द आहे.

तेव्हापासून मला एक आवाज ऐकू येतो. बोल्ट पुढं जाण्याचा. त्यात दोन आवाज असतात, पुढं सरकण्याचा आणि मग दांडा खाली बसण्याचा. मला पहिलाच येतो. भांडी धुताना येतो, दाढी करताना येतो, भर दुपारी अंगणात उभा असताना येतो. दुसऱ्याची वाट पाहत मी थांबतो, नळ वाहत राहतो.

रविवारी मी प्रेस पुसला. डाय पांढऱ्या रेघेपर्यंत खाली फिरवली, ती जागी धरून ठेवणाऱ्या कडीचा स्क्रू आवळला आणि घरात गेलो. डब्याला हात लावायचा धीर झाला नाही. सोमवारी सकाळी येऊन पाहतो तर डाय लाल रेघेवर.

मी उभाच राहिलो. गॅरेजला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात. पुन्हा पांढऱ्या रेघेवर आणली, पुन्हा स्क्रू आवळला. मग जरा धीर करून डब्यातून एक पुंगळी काढली, वंगण लावलं, प्रेसमध्ये घातली आणि दांडा ओढला. काढून व्हर्नच्या रायफलीत घालून पाहिली. रिकामीच होती, ना दारू ना गोळी. बोल्ट पुढं गेला, खट. दांडा अर्ध्यावर उभा.

मी डायकडे पाहिलं. लाल रेघ.

अंगावर काटा आला हे कबूल करतो. "व्हर्न," मी मोठ्यानं म्हणालो, "असलं नको करू." पालथी बादली कोपऱ्यात होती. गेल्या अकरा महिन्यांत तिच्यावर कुणी बसलं नव्हतं आणि मीही तिला कधी ओलांडून जात नव्हतो, वळसा घालून जायचो.

मग मी खाली पाहिलं. माझ्या उजव्या अंगठ्याला आणि बोटाला डायचं काळं वंगण लागलं होतं, ताजं. स्क्रू सोडवणारी बारकी किल्ली माझ्याच डाव्या हातात होती. माझ्याच हातांनी केलं होतं ते, आता आणि बहुधा काल जातानाही. चाळीस वर्षं काम संपलं की डाय आपल्या मापावर आणून ठेवायची माझी सवय. भूत असतं तर बरं झालं असतं. भुताशी भांडता तरी आलं असतं. आपल्याच हातांशी कसं भांडायचं?

ती अडलेली पुंगळी मी बाजूला ठेवली. कापडानं डायवरची लाल रेघ घासघासून पुसली आणि फक्त पांढरी ठेवली. मग डबा पालथा केला.

चाळीसएक पुंगळ्या होत्या. व्हर्नच्या चेंबरात खांद्याजवळ एक बारीक ओरखडा आहे, तो त्याच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतो, सुईनं ओढल्यासारखी रेघ. मी एकेक हातात घेत होतो. पुसायची, रेघ पाहायची, उभी करून ठेवायची. बोटांना बरं वाटत होतं. एकविसावी किंवा बाविसावी असेल, तिच्या बुडाला लाल ठिपका होता.

मी ती उजेडात नेली. बूड माझं आणि खांद्याजवळ व्हर्नची रेघ. माझी पुंगळी, त्याच्या रायफलीतून उडालेली. अशी जगात एकच असणं शक्य होतं. त्या दिवशीच्या त्या एका बाराची. अधिकाऱ्यानं ती रायफलीबरोबर नदीनला परत दिली असणार आणि नदीननं ती डब्यात टाकली असणार, बाकीच्यांत मिसळून.

आता खरं सांगतो. पहिला विचार काय आला, तर दाब. लाल ठिपका थिनरनं पुसायला दोन सेकंद लागतात. एकदा डायमधून काढली की ती बाकीच्या चाळिसांसारखीच. नदीनला पितळातलं काय कळतंय? माझा हात गेलासुद्धा. पुंगळी प्रेसमध्ये घातली आणि दांडा धरला. दांडा माझ्या तळहातावर आडवा आला, बरोबर तिथंच, जिथं व्हर्नच्या हातावर वळ होता.

आणि तो आवाज आला. पहिला. मी दुसऱ्याची वाट पाहिली. यायचा नाही, हे मला माहीत होतं. जोवर मी गप्प आहे, तोवर तो येणार नाही आणि कॅफेत व्हर्न घाबरत राहील. आणि त्याची पोरगी त्याचं न घाबरणं सिद्ध करायला त्या घळीत एकटी जाईल.

मी पुंगळी काढून घेतली आणि रायफल, ती अडलेली रिकामी पुंगळी, ही लाल बुडाची, सगळं उचलून गाडीत टाकलं.

नदीनच्या स्वयंपाकघरात दोघीही होत्या. शेल्बी टेबलाशी बसून बुटांना मेण लावत होती. अंगानं बापावर गेलीय, बसणंसुद्धा तसंच, एक पाय खुर्चीच्या दांडीवर.

"झाली काका? एवढ्या लवकर?"

मी लाल बुडाची पुंगळी टेबलावर उभी ठेवली. नदीननं तिच्याकडे पाहिलं आणि चुलीवरचं भांडं खाली उतरवलं.

"तुला केव्हापासून माहीत आहे?" मी नदीनला विचारलं.

"त्या दिवशी चार वाजल्यापासून. त्याचा काडतुसांचा डबा ब्रेडच्या पेटीशेजारी राहिला होता. वीसच्या वीस. तो माणूस बातमी घेऊन दारात उभा होता आणि मी त्या डब्याकडे बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी का बोलू, ऑर्वल? तू बोलायचंस! त्याला पुरलं तेव्हा माझ्या शेजारी उभा होतास. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला याच खुर्चीत बसून तीनदा टर्की वाढून घेतलीस. मी प्रत्येक वेळी म्हटलं, आज बोलेल."

"काय चाललंय तुमचं?" शेल्बीनं बूट खाली ठेवला.

मी तिला सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, कारण बसायला कुणी सांगितलं नाही. राहिलेला डबा, माझी पाच, केसभराचा फरक, तो मला माहीत होता हे. 'घट्ट जातंय' म्हणाला हे. मी काय म्हणालो तेही, त्याच शब्दांत. ते सांगताना माझा आवाज फुटला आणि मला माझाच संताप आला, कारण रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

शेल्बीनं ती पुंगळी उचलून बुडाचा ठिपका पाहिला.

"म्हणजे बाबा घाबरले नव्हते."

"नाही."

"सगळं गाव म्हणतंय आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तुम्ही त्यांच्यासमोर मान हलवायचात. मी पाहिलंय तुम्हाला मान हलवताना."

"हो."

तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं हात पुढं केला. "दाखवा."

मी ती अडलेली रिकामी पुंगळी आणि रायफल तिच्यासमोर ठेवली. तिनं पुंगळी आत घातली आणि बोल्ट पुढं सारला. खट. दांडा अर्ध्यावर थांबला. तिनं दाबला, हलला नाही. ती उठून उभी राहिली, रायफल कुशीत घट्ट धरली आणि तळहात दांड्यावर टेकवून सगळ्या अंगाचा भार टाकला. मानेच्या शिरा फुगल्या. नदीन म्हणाली, पुरे गं, पण ती थांबली नाही.

"किती वेळ होता त्यांना?"

"चार सेकंद. पाच."

"किती जोर लावला असेल?"

"होता नव्हता तेवढा."

तिनं आणखी एकदा दाबला. मग दम लागून रायफल टेबलावर ठेवली आणि हात झटकला. घळीत जाणार की नाही हे ती बोलली नाही, कॅफेत माझ्याबरोबर कोण येणार हेही कुणी बोललं नाही. मी जाणार होतो. उद्या नाश्त्याच्या वेळी, भरल्या कॅफेत, सगळ्यांसमोर हेच सांगायला. ते नदीनला न सांगता कळलं असावं, कारण तिनं पायानं एक खुर्ची माझ्याकडे ढकलली.

शेल्बीनं मात्र हात उघडून माझ्या तोंडासमोर धरला. तळव्यावर आडवा वळ उठला होता, आधी पांढरा, मग बघता बघता लाल.

"असा होता?" तिनं विचारलं.

"असाच," मी म्हणालो.